उजवा पाय जड पडतोय

आमच्या दारावरच्या पाटीवर लिहिलंय, ‘पायांनी मालिश – पाच हजार वर्षांची आशियाई परंपरा’. मागच्या रंगकामाआधी तिथे दोन हजार होते. नवीन रंग देताना पाटीवाल्याने माझ्या दिराला विचारलं, आकडा जरा वाढवू का, आणि दीर म्हणाला, वाढव. एका दुपारी तीन हजार वर्षं सरली. मला त्याचं काही नवल वाटलं नाही. संध्याकाळी दोर सोडून खाली बसायचे तेव्हा मलाही तेवढीच सरल्यासारखी वाटायची.

खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही. दोन खोल्या, मध्ये पडदा. प्रत्येक खोलीत जमिनीवर रेक्झिनची जाड गादी, तिच्यावर पांढरी चादर, आणि छताच्या कडीतून लोंबणारा दोर, हाताने धरायच्या जागी कापड गुंडाळलेला. नवीन गिऱ्हाईक आधी दोराकडे बघायचं, मग माझ्याकडे, मग दाराकडे. एका खोलीत मी, दुसरीत माझी धाकटी जाऊ. बाहेर टेबलाशी दीर, म्हणजे तिचा नवरा. तो फोन घेतो, लोकांना वेळ देतो आणि दिवसभर पंख्याखाली बसून दमतो.

काम सांगायला सोपं आहे. माणूस पालथा झोपतो. त्याच्या अंगाला कोमट तिळाचं तेल लावायचं, दोर धरायचा आणि अनवाणी पायांनी कमरेपासून खांद्यापर्यंत, मांडीपासून टाचेपर्यंत सरकत जायचं. लोकांना वाटतं आम्ही पाठीवर उभ्या राहून नाचतो. पाठीवर कुणी उभं राहत नाही. वजन सगळं दोरावर, म्हणजे आमच्या खांद्यांवर, आणि पायातून लागेल तेवढंच खाली सोडायचं. किती लागेल ते तळवा सांगतो. स्नायू कुठे आखडलाय, कुठे सैल पडतोय, बरगडी कुठे सुरू झाली, हे सगळं तळव्याला आधी कळतं, आपल्याला नंतर.

हे मला सासूबाईंनी शिकवलं. त्यांना त्यांच्या वडिलांनी, वडिलांना आखाड्यातल्या एका उस्तादाने, आणि उस्तादाला कुणी, ते त्याचं त्याला माहीत. सासूबाईंच्या सांगण्यात ही गोष्ट दर वेळी बदलायची. कधी ही विद्या लढवय्यांची असायची, मार खाण्याआधी अंग मऊ करून ठेवायला. कधी नाचणाऱ्यांची, कधी डोंगरातल्या भिक्षूंची, जे बसून बसून आखडायचे. एका देशात दोर धरतात, दुसऱ्यात छताला टांगलेला बांबू, तिसऱ्यात नुसती काठी. "पण तळवा सगळीकडे सारखाच," असं म्हणून त्या गोष्ट गुंडाळायच्या आणि मला कामाला जुंपायच्या.

त्यांचा एक नियम मात्र कधी बदलला नाही. सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत दोघींनी एकमेकींचे तळवे तपासायचे. एकीने स्टुलावर बसून पाय दुसरीच्या मांडीवर ठेवायचा. दुसरीने अंगठ्यापासून टाचेपर्यंत बोट फिरवून बघायचं, कुठे भेग आहे का, नख वाढलंय का, काही रुतलंय का. भेग असली तर वजरीने घासून, तेल जिरवून मगच दोराखाली जायचं. आपला तळवा आपणच बघितलेला त्यांना चालायचा नाही. माणूस स्वतःचं बघताना सूट देतो, असं त्यांचं म्हणणं. धाकटीच्या मांडीवर पाय ठेवायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. तिचा पाय माझ्या मांडीवर यायचा तेव्हा तेवढं आवडायचं नाही.

सासूबाई गेल्या तरी नियम राहिला होता. तो आमच्या भांडणात मोडला.

एका सकाळी माझा पाय मांडीवर घेऊन धाकटी म्हणाली, "ताई, रागावू नका हं. तुमचा उजवा पाय हल्ली जड पडतोय."

"कोण म्हणतं?"

"दोघं-तिघं म्हणाले. तक्रार नाही हो, असंच बोलता बोलता. पुढच्या वेळी तुम्ही कराल का, असं मला विचारत होते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझी गिऱ्हाइकं हवीत ना तुला? मग तसं सरळ म्हण की."

"मला माझीच उरकत नाहीत, ताई."

हे तर आणखीच झोंबलं. "जड पडतो म्हणजे काय? मी जाडी झालेय?"

"मी कधी म्हटलं तसं?"

"तू स्वतः काही चवळीची शेंग नाहीस."

पाय ओढून घेतला आणि पडदा सरकवून माझ्या खोलीत गेले. त्यानंतर आमचं बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी ती स्टूल घेऊन उभी राहिली, मी तिच्या बाजूने निघून गेले. तिसऱ्या दिवशी तिने स्टूल काढलंच नाही. आता दोन बायका दिवसभर एका पडद्याच्या दोन बाजूंना काम करणार म्हटल्यावर काहीतरी बोलावं लागतंच. म्हणून मी टॉवेलांशी बोलायला लागले. "हे कुणी पिळायचे राहिलेत कोण जाणे," असं मी बादलीला म्हणायचे. पलीकडून ती कपाटाला सांगायची, "तेल संपलंय, कुणाच्या लक्षात असेल तर बरं." दीर बिचारा दोन्हीकडे मान हलवायचा. घरी आमच्या ह्यांना मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. त्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "पण पडतो का जड?" त्या रात्री मी त्यांच्याशीही बोलले नाही.

पडतो का जड, हे मलाही स्वतःला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मला साखरेचा त्रास आहे, बऱ्याच वर्षांचा. गोळ्या चालू असतात, म्हणजे आठवेल तेव्हा घेते. डॉक्टरीणबाई दर खेपेला म्हणायच्या, पायांची काळजी घ्या, आणि मी हसायचे. म्हणायचे, बाई, माझ्या पायांवरच तर घर चाललंय, मी नाही घेणार तर कोण घेणार? नंतर चप्पल सुटायला लागली. रस्त्याने चालताना उजवी चप्पल मागेच राहायची आणि मी तशीच पुढे. एकदा सायकलवाला ओरडला, "काकू, तुमची एक गाडी इथेच पार्क केलीय!" सगळे हसले, मीही हसले. चप्पल सैल झाली म्हणून मागे पट्टा असलेली नवीन घेतली. ती सुटेना. मग प्रश्न मिटला असं मी ठरवून टाकलं.

ठरवून टाकण्याचं खरं कारण कंटाळा होतं. मी थकले होते. खांदे ठणकायचे, गुडघे बोलायचे, सकाळी जिना चढताना प्रत्येक पायरीला वाटायचं, आज नको. रोज कुणाचं तरी आखडलेलं अंग मोकळं करायचं आणि आपलं तसंच घरी घेऊन जायचं. इतक्या वर्षांत माझ्या पाठीला कुणाचा पाय लागला नाही. दोर सोडून द्यावा असं रोज वाटायचं, पण सोडून करणार काय? हे एकच काम मला नीट येत होतं. इतकं नीट की लोक वाट वाकडी करून यायचे, दीर म्हणायचा धाकटी मोकळी आहे, तर म्हणायचे, नाही, थोरलीच पाहिजे, आम्ही थांबतो. ते ‘आम्ही थांबतो’ पडद्याआडून ऐकायला मिळायचं, त्यावर मी दिवस काढायचे. तेवढं गेलं तर माझ्यापाशी नुसतं दुखरं अंग उरणार होतं, तेही माझंच. म्हणून उजव्या पायाबद्दल मला काही ऐकायचं नव्हतं, धाकटीकडूनही नाही आणि पायाकडूनही नाही.

थांबणाऱ्यांमध्ये एक बसचा ड्रायव्हर होता. धिप्पाड माणूस, बोलका. दिवसभर सीटवर बसून त्याची कंबर धरायची. येताना वाकडा यायचा, जाताना सरळ जायचा आणि जाताना दिराला सांगायचा, "तुमच्या वहिनींचे पाय म्हणजे गॅरेज आहे." तो आला त्या दिवशी सकाळीच माझ्या हातून तेलाची बाटली निसटून फुटली होती. मी झाडून घेतलं, फडक्याने पुसून घेतलं, वाकून बघितलं. मला वाटलं सगळं निघालं.

ड्रायव्हर पालथा झोपला. मी तेल लावलं, दोर धरला, उजव्या पायाने कमरेपासून वर सरकायला सुरुवात केली. तो नेहमीप्रमाणे वाहतुकीवर बोलत होता. मग मध्येच म्हणाला, "ताई, आज काहीतरी टोचतंय हो."

"तुमच्याच गाठी टोचत असतील. परवा किती तास चालवलीत?"

तो हसला आणि मान दुसरीकडे वळवून पडून राहिला. मी आणखी दोनदा वर गेले, दोनदा खाली आले. डाव्या पायाखाली काहीतरी चिकट लागलं. तेल जास्त झालं असेल म्हणून चादरीला पाय पुसायला खाली बघितलं, तर त्याच्या पाठभर लाल ठसे होते. कमरेपासून खांद्यापर्यंत, एका पायाचे, ओळीने.

माझ्या हातून दोर सुटला. मी ओरडले, "अगं, ये गं इकडे! ये लवकर!" भांडणानंतर मी तिला हाक मारली ती अशी. ती पडदा बाजूला सारून आली. मला म्हणायचं होतं, ह्यांची कातडी फाटली, मी माणसाची पाठ फाडली. मी नुसतं पाठीकडे बोट दाखवलं. तिने टॉवेल ओला करून पाठ पुसली. खाली दोन-तीन लांब ओरखडे होते, पण एवढं रक्त यावं असं काही नव्हतं. तिने पाठीवरून नजर काढून माझ्या पायांकडे बघितलं.

"ताई, बसा खाली."

उजव्या पायाच्या खोलगट भागात काचेचा तुकडा होता. बारीक नव्हता, चांगला नखाएवढा. तिने चिमट्याने ओढून काढला तेव्हा भळकन रक्त आलं. मी बघत होते. दुसऱ्या कुणाचा तरी पाय बघावा तसं मला दिसत होतं सगळं, आणि दुखत काहीच नव्हतं. धाकटीने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी ओठ दाबून घेतले, दुखतंय असं दाखवायला. इतकी लबाडी मला तशा घाबरलेल्या अवस्थेतही सुचली.

ड्रायव्हर उठून बसला. धाकटीने त्याच्या ओरखड्यांना औषध लावलं. बरगडीजवळ तिचा हात लागला तसा तो कळवळला. तिथे काचेचा काही संबंध नव्हता. तिथे जुनं काळंनिळं होतं, मागच्या खेपेचं.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

तो शर्ट घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणाला, "होतं कधीकधी. ताईंना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." मग मला म्हणाला, "असू द्या ताई. तुम्ही पायाला जपा." त्याने पुढची वेळ मागितली नाही. जिन्यावरून उतरताना तो कठड्याला धरून, वाकडाच उतरला.

दीर दारात येऊन उभा होता. धाकटी त्याला म्हणाली, "ताईंच्या आजच्या वेळा रद्द करा. माझ्याही करा. आणि तुम्ही जरा खाली जाऊन चहा घ्या."

"पण मी आत्ताच..."

"परत घ्या."

तो गेला. तिने पाय धुतला, पट्टी बांधली, दोन्ही खोल्यांच्या चादरी गोळा करून बादलीत टाकल्या. मग स्टूल काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी निमूट बसले. ती खाली मांडी घालून बसली, माझा डावा पाय तिने मांडीवर घेतला आणि खांद्यावरचा टॉवेल मला दिला. "डोळ्यांवर धरा. मी बोट लावीन, तुम्ही कुठे ते सांगा."

"कशाला नसते खेळ?"

"धरा हो, ताई."

मी टॉवेल धरला. तेलाचा आणि साबणाचा वास येत होता. खाली सायकलवाला चाकाला हातोडीने ठोकत होता.

"अंगठा," मी म्हटलं.

"हं."

"टाच. मधलं बोट. अंगठ्याखाली."

"मधलं बोट नव्हतं ते, करंगळी होती. बाकी बरोबर."

"करंगळी काय आणि मधलं काय, शेजारीच राहतात." मी हसले. मला धीर आला होता. डाव्या पायाचं जवळपास सगळं कळत होतं. म्हटलं, उजव्याला आज घाईत कळलं नसेल, काच टोचताना लक्ष दोराकडे असेल. माणसाचं लक्ष कुठे कुठे असतं. धाकटीने डावा पाय खाली ठेवला. ती हलल्याचा, बांगड्यांचा आवाज आला. मी वाट बघत बसले. पट्टी पावलाच्या मध्यावर होती, टाच आणि बोटं मोकळीच होती, तेव्हा तिला अडचण यायचं कारण नव्हतं. खालची ठोकाठोक थांबली. पुन्हा सुरू झाली. ती काही करेना. मला वाटलं, रडतेय की काय, नाहीतर रागावलीय. तिला रागावायचा हक्क होता आज.

"झालं ना डाव्याचं?" मी म्हटलं. "आता उजवा घे की."

तिच्या बांगड्या पुन्हा वाजल्या.

"अगं, घे ना. किती वेळ मी अशी टॉवेलात तोंड खुपसून बसू?"

"ताई," ती म्हणाली.

मी टॉवेल काढला. माझा उजवा पाय तिच्या मांडीवर होता. तिने डाव्या हाताने घोटा धरला होता आणि उजव्या अंगठ्याचं नख माझ्या टाचेत रुतवलं होतं. टाचेवर आणि बोटांखाली नखाच्या खुणा होत्या, एकीशेजारी एक, बऱ्याच. तिचे डोळे भरले होते.

मी त्या खुणांकडे बघितलं. मग तिच्या नखाकडे, ते अजून तिथेच होतं, आणि मी बघत असूनही मला ते लागत नव्हतं.

मला आधी भीती वाटली. मग ड्रायव्हरची ती काळीनिळी बरगडी डोळ्यांपुढे आली आणि लाज वाटली, इतकी की तोंड लपवावंसं वाटलं. त्याच्याआधी किती जण आले असतील, दातांवर दात दाबून पडून राहिले असतील, ताईंना वाईट वाटेल म्हणून. आणि या दोन्हींच्या खाली, मी मनाला कितीही दामटलं तरी, हायसं वाटलं. उद्या जिना चढून दोर धरायचा नाही. कुणी मला तसं करायला सांगू शकणार नाही, मी स्वतःसुद्धा नाही. एवढ्यासाठी मी किती वर्षं थांबले होते आणि ते असं मिळावं, याचं मला रडू आलं.

"डॉक्टरीणबाईंकडे जाऊ उद्या," धाकटी म्हणाली. "औषधाने फरक पडतो म्हणतात."

"पडला तरी मी पुन्हा कुणाच्या पाठीवर जायची नाही."

तिने ‘असं का म्हणता’ म्हटलं नाही. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, आणि मी कदाचित ऐकलंही असतं.

"तुला कळलं होतं का?" मी विचारलं.

"संशय होता. तुमची चप्पल सुटायची ना, मी गॅलरीतून बघायचे."

"मग माझ्याशी नीट भांडली का नाहीस?"

"भांडायला माणूस समोर लागतं, ताई. तुम्ही बादलीशी बोलत होतात."

मला हसू आलं आणि त्याबरोबर आणखी रडू आलं. ती उठली नाही, पाय खालीही ठेवला नाही. मग तिचं लक्ष पट्टीकडे गेलं. रक्त पाझरून बाहेर आलं होतं. तिने जुनी पट्टी सोडली, जखमेवर कापूस ठेवला आणि नवीन गुंडाळायला घेतली. हात सफाईदार चालत होते तिचे. शेवटची गाठ मारताना सवयीने तिने विचारलं, "घट्ट होत नाही ना?"

विचारून झाल्यावर तिचं तिलाच कळलं. तिने गाठ तशीच अर्धवट धरून ठेवली आणि मान खाली घातली.

"तूच बघ," मी म्हटलं. "आता तूच बघून सांगत जा."